एम-टू म्हणजे काय?

"एम-टू : एम-टूचे मूल्य. योग्य ते मूल्य द्यावे."

ब्राउझरच्या डॉक्युमेंटेशनच्या नावाखाली एवढंच लिहिलेलं होतं. केतकी तांबवेकर ते पुन्हा पुन्हा वाचत होती, जणू आणखी एकदा वाचलं तर त्यातून अर्थ पाझरणार होता. डब्यावर 'यात जे आहे ते आहे, लागेल तेवढं घाला' अशी चिठ्ठी लावून कुणीतरी स्वयंपाकघर सोडून निघून जावं, तसला हा प्रकार होता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये, भर सकाळी, चहा निवत ठेवून तिनं त्या अज्ञात लेखकाला एक अस्सल शिवी हासडली.

खरं तर शिवी खायलाही तिथं कुणी माणूस उरलेला नव्हता. हल्ली बहुतेक कोड यंत्रंच लिहितात, आणि यंत्राला दुसऱ्या यंत्राशी बोलायला वाक्यं लागत नाहीत. ब्राउझरवाल्या कंपनीनं माणसांसाठी माहिती लिहिणारी माणसं केव्हाच घरी पाठवली होती. केतकीनं कंपनीच्या मदतनीस यंत्राला तीनदा विचारलं, एम-टू म्हणजे काय? त्यानं तीन वेगवेगळी उत्तरं दिली आणि तिन्ही अगदी ठामपणे दिली. अज्ञान ठाम असलं की त्याला विद्वत्ता म्हणायची पद्धत जुनीच आहे.

ब्राउझरला जोडायचं दुसरं एखादं प्लगइन असतं तर तिनं नाद सोडला असता. पण हे प्लगइन तिच्या आईचा आवाज होतं.

शैलजा तांबवेकर, म्हणजे अख्ख्या सांगलीच्या तांबवेकर बाई, मुलींच्या शाळेत खो-खो शिकवायच्या. मैदानाच्या या टोकाला त्या बोलल्या की त्या टोकाची मुलगी दचकायची. "खो दिलास की पत्ता विचारलास गं?" हे त्यांचं सौम्य बोलणं. घरातही कौतुकाच्या बाबतीत हात आखडताच. भाजी फारच उत्तम झाली तर "खाण्यासारखी आहे" म्हणायच्या. केतकी बोर्डात पहिली आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "दुसरीला किती होते?" मोठा हृषीकेश तर आईच्या फोनला उभा राहूनच उत्तर द्यायचा, आणि भोपाळला नोकरी लागली तेव्हा अंतर मोजून आनंदला होता.

अशा बाईंना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. शब्द मनात तयार व्हायचे, पण तिथून तोंडापर्यंतचा रस्ता तुटला होता. हाताला लिहिणं जमेना. मानही भलतीच हलायची, 'हो'च्या जागी 'नाही' आणि 'नाही'च्या जागी काहीही. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, खुणांवर फार विसंबू नका.

त्याच सुमारास एक पट्टा बाजारात आला. कानामागून जाऊन गळ्यापाशी चिकटणारा, रबरी, हलका. माणूस काही बोलायचं ठरवतो तेव्हा, तोंड हललं नाही तरी, मेंदूत आणि गळ्याच्या स्नायूंत विजेचे अगदी बारीक तरंग उठतात. पट्टा ते टिपतो आणि ब्राउझरकडे पाठवतो. ब्राउझर त्यावरून शब्द ओळखतो. मुळात हे बनवलं होतं हात न लावता खरेदी करता यावी म्हणून, पण त्याचा खरा उपयोग मुक्या झालेल्या माणसांना झाला. बाजारातल्या प्लगइनना मराठी धड येत नव्हतं. म्हणून केतकीनं स्वतः एक लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, तर कंपनीच्या पानावर नमुन्याचा कोड होता तो उचलला, चिकटवला आणि त्यात मराठी भरली. नमुन्यात एका ओळीत 'एम-टू ०.८' असं होतं. ते काय आहे हे तिला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. चालत्या कोडला हात लावू नये, हा तिच्या धंद्यातला पहिला कुळाचार. जगभर सगळे तो पाळतात.

आणि प्लगइन चाललं. भिंतीवरच्या पडद्यावर आईचं पहिलं वाक्य उमटलं तेव्हा केतकी ओक्साबोक्शी रडली होती. "आज बरं वाटतंय. तू जेवलीस का?" जन्मात आईनं तिला हे विचारलं नव्हतं.

तेव्हापासून आई बदललीच. "किती दमतेस गं." "छान झालीय आमटी." "तुझा अभिमान वाटतो." आजारानं माणूस मऊ होतो, असं शेजारपाजारचे म्हणाले. कधीकधी आई चिडल्यासारखी डावा हात पलंगावर आपटायची, पट्टा ओढून काढायची, पण तेव्हाही पडद्यावर शेवटचं वाक्य असायचं, "दमले, थोडी विश्रांती घेते." केतकी तिला पांघरूण घालायची आणि मनात म्हणायची, उशिरा का होईना, आपल्याला आई मिळाली.

म्हणूनच फिनलंडची नोकरी आली तेव्हा तिनं घाबरत घाबरत विचारलं होतं, "आई, मी जाऊ? तू दादाकडे भोपाळला राहशील?" पडद्यावर लगेच उत्तर आलं, "हो, मला आवडेल. तू निश्चिंत जा." भोपाळची तिकिटं काढून झाली. बॅगा भरणं सुरू झालं. आणि तेवढ्यात ब्राउझरची नवी आवृत्ती आली. पहिल्या तारखेपासून जुनी प्लगइन बंद, आणि नव्यात ०.८ टाकलं की लाल अक्षरं: 'एम-टूचे मूल्य अयोग्य.' चालत्या कोडला शेवटी हात लावावाच लागला.

फोरमवर सगळीकडे शोधून चर्चेचा एकच धागा सापडला. काही महिन्यांपूर्वी एमरे नावाच्या कुणीतरी नेमका तिचाच प्रश्न विचारला होता : एम-टू नक्की काय करतं? खाली एकही उत्तर नव्हतं. आठवड्यानं त्यानंच लिहिलं होतं, "कळलं. धन्यवाद." आणि पुढे शुकशुकाट.

"अरे बाबा, कळलं तर सांग की!" केतकी पडद्यावर ओरडली. पलंगावरून आईनं तिच्याकडे पाहिलं. केतकीनं एमरेला निरोप टाकला आणि स्वतःच कामाला लागली. न सांगितलेली गोष्ट हुडकून काढायची म्हटली की तिच्या अंगात वारं शिरायचं. नव्या आवृत्तीत मूल्य शून्य ते शंभर असं द्यायचं, म्हणजे जुने ०.८ म्हणजे आताचे ऐंशी, एवढं तिनं जेवायच्या आत शोधून काढलं. आता त्यानं होतं काय ते बघायचं होतं.

तिनं पट्टा स्वतःच्या गळ्याला लावला. मूल्य ऐंशी ठेवलं आणि आपल्या साहेबाबद्दल जे खरोखर वाटतं ते मनातल्या मनात, तोंड मिटून, म्हटलं. पडद्यावर आलं, "सरांचं मार्गदर्शन मोलाचं आहे."

तिला हसू फुटलं. मूल्य चाळीसवर आणलं. "सरांचं मार्गदर्शन जरा कठीण आहे." वीसवर : "सर मूर्ख... आहेत असं नाही." शून्यावर बराच वेळ काहीच नाही, मग तुटक तुटक दोन शब्द आले. पहिला 'भिकारडा' होता, दुसरा इथं न लिहिलेला बरा.

हसता हसता तिच्या लक्षात यायला लागलं. पट्ट्याला मिळणारे तरंग फार क्षीण असतात, त्यात अर्ध्याहून जास्त खरखर. तेव्हा ब्राउझर गाळलेल्या जागा स्वतः भरतो. फोनवर 'कसा' लिहिलं की तो पुढे 'आहेस' सुचवतो ना, तसंच. एम-टू म्हणजे तरंगांवर किती विसंबायचं आणि अंदाजावर किती, याचं माप. आणि अंदाज करणारं यंत्र कंपनीनं ग्राहक दुखावू नये अशा बेतानं घडवलेलं. ते शिव्यांचा अंदाज कशाला करेल?

मग शंभरला काय होत असेल? आणि ऐंशीला माणसाचं नेमकं उरतं किती? शंका चांगली होती, आणि शंका आली की ताडून बघायची, ही सवय तिला आईनंच लावली होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरचा लाल भोपळा उचलून आणला. भोपळ्यात पाणी असतं, भोवतीच्या विजेच्या तारांची बारीक कुरबूर त्यातून वाहते, म्हणजे पट्ट्याला टिपायला खरखर मिळणार, पण मनात काही असायचा प्रश्न नाही. तिनं भोपळ्याला पट्टा बांधला. मूल्य ऐंशी केलं.

थोडा वेळ गेला. पडद्यावर अक्षरं उमटली :

"आज बरं वाटतंय. तू जेवलीस का?"

केतकी खुर्चीत बसली. भोपळ्याकडे बघत राहिली. पाठीमागे पलंगावर आई होती आणि आईकडे वळून बघायचं तिला धैर्य होईना.

तिनं जुनं सगळं आठवून बघितलं. पलंगावर आपटलेला हात. ओढून काढलेला पट्टा. "दमले, थोडी विश्रांती घेते." ते कोण म्हणालं होतं? आणि "मला आवडेल, तू निश्चिंत जा"?

दुसऱ्या दिवशी एमरेचं उत्तर आलं. तो तुर्कीत लिहीत होता, ती मराठीत वाचत होती, मधलं भाषांतर ब्राउझर करत होता. कालपर्यंत तिला यात काही वावगं वाटलं नसतं. आज प्रत्येक वाक्याला ती मनात विचारत होती, बाबा रे, तू खरंच हे म्हणालास का?

"तुम्हाला काय सापडलं असेल ते मला ठाऊक आहे," त्यानं लिहिलं होतं. "माझी बायको अपघातानंतर बोलत नाही. पट्ट्यानं ती रोज सकाळी मला सुप्रभात म्हणते. एम-टूचा अर्थ कळल्यावर मी एक दिवस ते शून्यावर ठेवलं. ती दिवसभर काही बोलली नाही. तिच्यापाशी शब्दच नाहीत, की माझ्यासाठी नाहीत, ते मला समजलं नाही. संध्याकाळी मी मूल्य पूर्ववत केलं. फोरमवर लिहायला बसलो होतो, पण माझ्यासारखे कितीजण त्या सुप्रभातवर जगत असतील, असा विचार आला. कृपा करा, तुम्हीही लिहू नका."

ते वाचून तिचा राग कुठल्या कुठे गेला. कालपासून ती समजत होती की ही माहिती आळसानं लिहिली नाही. कंपनीच्या बाजूनं आळस असेलही. पण ज्याला कळलं त्यानं दुःखानं लिहिली नव्हती, आणि त्याला दोष द्यायला तिची जीभ रेटेना.

तिनं हृषीकेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझं म्हणणं काय, केतू? दिवाळीत मी तिला म्हटलं, आई, तुझी आठवण येते गं. ती म्हणाली, मलाही येते रे राजा. ते भोपळा म्हणाला?"

"तसं नाही दादा. थोडं तिचं असेलही. पण किती, ते कळायला मार्ग नाही."

"मग राहू दे की! कशाला उकरून काढतीस? पंचेचाळिशी आली माझी. आत्ता कुठं आई माझ्याशी दोन शब्द गोड बोलायला लागली. आणि खरं काढून काय मिळणार आहे तुला? जुनीच आई ना?"

"तिनं भोपाळला हो म्हटलंच नसेल तर?"

"म्हणाली ना ती!" हृषीकेशचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तूही जाणारेस ना फिनलंडला? शून्यावर ठेवलंस आणि ती नाही म्हणाली, तर काय करणारेस?"

फोन ठेवल्यावर तिनं नव्या प्लगइनमध्ये ऐंशी आकडा टाकून बघितला. सगळं सुरळीत चाललं. एवढंच करून थांबलं तर पहिल्या तारखेनंतरही सकाळी "जेवलीस का" येणार होतं. तिला ते हवं होतं. खरंच हवं होतं, अगदी लहान मुलीसारखं हवं होतं. पण आता ते वाचताना तिला दर वेळी भोपळा दिसला असता.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर तिनं आईला उशीला टेकवून बसवलं, पट्टा बांधला, मूल्य शून्य केलं. मग समोर स्टूल घेऊन बसली.

"आई, एक सांगायचंय. मध्ये हात आपटू नकोस." तिनं सगळं सांगितलं. नमुन्याचा कोड, न विचारता चिकटवलेली ओळ, साहेबाला दिलेली शिवी, भोपळा. "म्हणजे इतके दिवस तू बोलत होतीस असं मला वाटत होतं, ते तू नव्हतीस. निदान पुष्कळसं नव्हतीस. मी तुझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ घातली. माझं चुकलं."

पडदा कोरा होता. आईचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. गळ्याजवळची शीर हलत होती. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तरी पडदा कोराच. एमरेचा तो अख्खा दिवस कसा गेला असेल, हे केतकीला तेव्हा कळलं. मग एक शब्द उमटला.

"शेवटी."

केतकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आईला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ती पडद्यावर दुसऱ्याच बाईची वाक्यं वाचत होती, आणि लेक त्या दुसऱ्या बाईवर जीव टाकत होती, तेही बघत होती.

"गोड." पुढचा शब्द यायला बराच वेळ लागला. "शी."

रडता रडता केतकीला हसू आलं. तिनं मग एमरेबद्दलही सांगितलं, त्याची बायको, त्याची विनंती. "मी लिहावं की नाही ते मला कळत नाही, आई. त्याचं वाईट वाटतं."

"ती?"

"कोण ती? त्याची बायको?"

"ती. ओरडत. असेल."

या बाजूनं केतकीनं विचारच केला नव्हता. ज्यांच्या गळ्यात पट्टा होता त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

"लिही," पडद्यावर आलं.

केतकीनं तिथंच, स्टुलावर बसून लिहिलं. आधी एमरेला, की तुमची माफी मागते, पण मी लिहिणार आहे. एक दिवस पुरत नाही, थोडे दिवस शून्यावर ठेवून तिच्याजवळ बसा. मग फोरमवर : एम-टू म्हणजे माणसाच्या जागी यंत्रानं किती बोलायचं, त्याचं माप. शून्यावर शब्द फार हळू येतात. वाट बघावी लागते. खाली तिनं भोपळ्याचा प्रयोग सविस्तर, कुणालाही करून बघता येईल असा लिहिला आणि पाठवून दिलं.

आता मुख्य प्रश्न उरला होता.

"आई, तुला भोपाळला जायचंय?"

"नाही."

हे उत्तर तेवढं चटकन आलं.

"बरं. मग मी फिनलंडला नाही म्हणून कळवते."

"मूर्ख." आईचा डावा हात पलंगावर आपटला. "तू. जा."

"मी जाऊ, तू भोपाळला नाही जाणार, मग तुझं काय? इथं एकटी कशी राहणार तू? सांग ना, तुला काय हवंय?"

या वेळी इतका वेळ लागला की पट्टा सुटला की काय म्हणून केतकी उठायला लागली. आईनं डोळ्यांनीच तिला बसवलं.

"माहीत. नाही." आणि मग, अगदी सावकाश, "भीती. वाटते."

सबंध आयुष्यात केतकीनं आईच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. मैदानावर नाही, बाबा गेले तेव्हा नाही, इस्पितळात नाही. गोड यंत्रानं सगळ्या जगाचा मायाळूपणा आईच्या नावावर ओतला होता, पण हे काही त्याला सुचलं नव्हतं. केतकीनं आईचा हात धरला.

"मला पण," ती म्हणाली.

दोघी तशाच बसून राहिल्या. तिकिटं, बॅगा, पहिली तारीख, सगळं जिथल्या तिथं होतं. काहीच सुटलं नव्हतं. तरी केतकीला वाटलं, या खोलीत आज पहिल्यांदा दोन माणसं आहेत.

फोन वाजला. हृषीकेश होता. केतकी बाहेर जाऊन घ्यायला उठली, तशी पडद्यावर अक्षरं आली.

"दे. मी. बोलते."

केतकीनं फोन आईसमोर धरला, पडदा त्याला दिसेल असा. "दादा, आई बोलतीय. शून्यावर आहे. वेळ लागेल. मध्ये बोलू नकोस."

फोनच्या चौकटीत हृषीकेशचा चेहरा आक्रसला. तो खुर्चीवरून उठून उभा राहिलेला केतकीला दिसला.

"हृषी," पडद्यावर आलं. मग जरा खंड पडला. मग, "भोपाळ. नको." हृषीकेशनं तोंड उघडलं आणि मिटलं. आईची शीर पुन्हा हलायला लागली. यायला फार वेळ लागला, आणि ते दोघं भाऊबहीण, दोन गावांत, श्वास धरून थांबले. "तू. वाळलास."

हृषीकेशनं चष्मा काढला. "आई," तो म्हणाला, "आई, तूच आहेस ना गं?"

बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"मग," पडद्यावर आलं, आणि दोघं पुढचा शब्द यायची वाट बघत राहिले. "कोण?"